न्यूयॉर्कची कोरडी हवा आणि टोकियोची शाई : तोको शिनोदा यांच्या कारकिर्दीचा प्रकरण अभ्यास

१९५६ साली, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी, जपानी सुलेखनकार तोको शिनोदा टोकियोहून न्यूयॉर्कला गेल्या आणि १९५८ मध्ये परत आल्या. पुढे २०२१ मध्ये, वयाच्या १०७ व्या वर्षी निधन होईपर्यंत, त्यांचे घर आणि कामाची जागा जपानमध्येच राहिली. परदेशातील त्यांचे वास्तव्य असे जेमतेम दोन वर्षांचे. तरीही न्यूयॉर्कचे म्युझियम ऑफ मॉडर्न आर्ट आणि मेट्रोपॉलिटन म्युझियम, शिकागोचे आर्ट इन्स्टिट्यूट, लंडनचे ब्रिटिश म्युझियम अशा संग्रहांत त्यांचे काम आहे आणि विसाव्या शतकात जपानबाहेर ओळखल्या गेलेल्या सुलेखनकारांमध्ये त्यांचे नाव अग्रभागी घेतले जाते.

परदेशात कारकीर्द करायची म्हणजे तिथे जाऊन राहायचे, असे आपण सहज धरून चालतो. शिनोदा यांनी काम करण्याची जागा आणि काम विकले जाण्याची जागा या दोन गोष्टी एकमेकींपासून सोडवल्या. हा निर्णय त्यांनी मोठी योजना आखून घेतला असे दिसत नाही. तो त्यांच्यावर शाईने आणि हवेने लादला. पण एकदा तो झाल्यावर त्यांनी तो इतक्या नेटाने आणि इतकी वर्षे निभावला, की पुढची सगळी कारकीर्द त्याच पायावर उभी राहिलेली दिसते. या अभ्यासाचा विषय हा निर्णय आणि त्याचे परिणाम एवढाच आहे.

सुरुवात आणि पहिला आक्षेप

शिनोदा यांचा जन्म २८ मार्च १९१३ रोजी दालियान येथे झाला. चीनच्या ईशान्येकडील मांचुरियातील हे बंदर तेव्हा जपानच्या ताब्यात होते आणि वडील नोकरीनिमित्त तिथे होते. मुलगी लहान असतानाच कुटुंब टोकियोला परतले. वडिलांना सुलेखनाची आणि चिनी काव्याची चांगली जाण होती. वडिलांच्या एका चुलत्यांनी तर सम्राट मेइजींसाठी मुद्रा, म्हणजे शिक्के, कोरल्या होत्या. अशा घरात वयाच्या सहाव्या वर्षी मुलीच्या हाती कुंचला येणे यात नवल नव्हते. सुसंस्कृत घरातल्या मुलीला अक्षर चांगले हवे, ही तेव्हाची रीतच होती. रीत मोडली ती पुढे, जेव्हा त्यांनी लग्नाचा विचार बाजूला सारून, विशीत घराबाहेर पडून, सुलेखनाच्या शिकवण्यांवर स्वतःचे पोट भरायला सुरुवात केली. १९३० च्या दशकातल्या टोकियोत एकट्या तरुणीने असे राहणे म्हणजे काय, हे निराळे सांगायला नको.

१९४० मध्ये गिन्झा भागातील क्यूक्योदो या कागद आणि लेखनसाहित्याच्या जुन्या दुकानाच्या दालनात त्यांचे पहिले एकल प्रदर्शन झाले. समीक्षकांचा सूर असा होता की, या कामाला मूळच नाही. हा आक्षेप बाहेरच्याला मोघम वाटेल. त्या व्यवहारात तो फार जड आहे. जपानी सुलेखनात विद्यार्थी गुरूने लिहून दिलेला कित्ता वर्षानुवर्षे गिरवतो, गुरूचा हात स्वतःच्या हातात उतरवतो आणि मग त्या घराण्याचा म्हणून ओळखला जातो. मूळ नाही म्हणजे घराणे नाही, आणि घराणे नाही तर स्पर्धांत, संस्थांत आणि परीक्षक मंडळांत वाली नाही. शिनोदा यांचे शिक्षण बरेचसे घरचे आणि पुढे स्वतःचे स्वतः केलेले होते. संस्थात्मक सुलेखनाच्या जगाशी त्यांचा संबंध पुढे काही वर्षे राहिला, पण १९५० च्या दशकाच्या मध्यापासून त्यांनी कोणत्याही गटाचे सभासदत्व ठेवले नाही.

युद्धाची वर्षे शहराबाहेर गेली, क्षयाचे दुखणे झाले, आणि त्यातून उठल्यावर त्यांचे काम अक्षरापासून दूर सरकू लागले. यामागचे कारण त्या स्वतः एका साध्या उदाहरणाने सांगत. नदी हे अक्षर तीन उभ्या रेघांनी लिहायचे असते. त्यांना आणखी रेघा ओढाव्याशा वाटत. नियमाप्रमाणे चौथी रेघ ओढली की ते अक्षर राहत नाही. प्रत्येक अक्षरातील रेघांची संख्या, त्यांचा क्रम, प्रत्येक रेघ कुठून कुठे न्यायची हे सगळे ठरलेले असते, आणि सुलेखनकाराला मोकळीक मिळते ती कुंचल्याच्या दाबात, वेगात आणि शाईच्या ओलेपणात. शिनोदा यांनी ही मोकळीक ठेवली आणि अक्षर सोडले.

बोरूने देवनागरी किंवा मोडी लिहिणाऱ्यांना इथे एक फरक लक्षात घ्यावा लागेल. बोरूची जाड-बारीक रेघ मुख्यतः टोकाच्या कापावरून आणि धरण्याच्या कोनावरून ठरते, त्यामुळे सरावलेल्या हाताला तीच रेघ पुन्हा काढता येते. मऊ केसांच्या कुंचल्याला कोनापेक्षा दाब कळतो. मनगट नव्हे तर खांद्यापासूनचा सगळा हात रेघेत उतरतो, आणि एकदा उमटलेली रेघ दुरुस्त करायची सोय नसते. म्हणून अक्षर काढून टाकल्यावरही मागे पुरेसे काही उरते. त्या उरलेल्यावर शिनोदा यांनी सत्तरहून अधिक वर्षे काम केले.

जाण्याआधीच उघडलेले दार

शिनोदा न्यूयॉर्कला अनोळखी म्हणून गेल्या नाहीत. १९५४ मध्ये म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने जपानी सुलेखनाचे प्रदर्शन भरवले होते आणि त्यात त्यांचे काम होते. त्याच वर्षी त्याच संग्रहालयाच्या आवारात जुन्झो योशिमुरा या वास्तुविशारदाने आखलेले पारंपरिक धर्तीचे जपानी घर उभारले गेले. जपानवरचा अमेरिकी लष्करी अंमल १९५२ मध्ये संपला होता, आणि कालच्या शत्रूला सांस्कृतिक मित्र म्हणून पाहण्याची हवा अमेरिकेत तयार होत होती. ती हवा पुरेशी नव्हती, पण ती नसती तर दार उघडले नसते.

दुसऱ्या बाजूनेही हालचाल होती. क्योतोतील सुलेखनकार शिर्यू मोरिता यांनी १९५१ मध्ये ‘बोकुबी’ नावाचे मासिक सुरू केले आणि पहिल्याच अंकाच्या मुखपृष्ठावर फ्रान्झ क्लाइन या अमेरिकी चित्रकाराचे काळे-पांढरे चित्र छापले. पुढच्याच वर्षी मोरिता, युइची इनोऊए आणि त्यांचे साथी यांनी मिळून ‘बोकुजिनकाई’ हा गट स्थापन केला. युरोपातून बेल्जियन चित्रकार पिएर अलेशिन्स्की १९५५ मध्ये जपानला आले आणि त्यांनी सुलेखनावर लघुपट केला. त्यात कुंचला चालवताना शिनोदाही दिसतात. सुलेखन आणि अमूर्त चित्रकला यांचे परस्परांशी काय नाते आहे, हा त्या वेळी या सगळ्या ठिकाणी चर्चेचा विषय होता. शिनोदा या चर्चेत कोणत्याही गटाच्या प्रतिनिधी म्हणून नव्हे, तर एकट्याने उतरल्या. परदेशी दालनांना ही गोष्ट कदाचित सोयीची गेली असावी, कारण त्यांना एक व्यक्ती सादर करायची होती, एक चळवळ नव्हे.

न्यूयॉर्कमधील दोन वर्षे

तेव्हाच्या व्यवहारातल्या अडचणी आज विसरल्या जातात. जपानी नागरिकांना हौसेने परदेशी जाण्याची मुभा १९६४ पर्यंत नव्हती. प्रवासाला कारण लागे, परवानगी लागे, आणि परकीय चलनावर सरकारचे कडक नियंत्रण होते. एका डॉलरला ३६० येन हा दर १९४९ पासून बांधलेला होता. अविवाहित जपानी स्त्रीला मिळणारा व्हिसा थोड्या महिन्यांचाच असे, आणि शिनोदा यांनी तो पुन्हा पुन्हा वाढवून घेत दोन वर्षे काढली. दर काही महिन्यांनी आपण इथे राहणार की नाही हे कचेरीतल्या कागदावर ठरत असेल, तर माणूस मोठ्या आकाराचे, दीर्घ मुदतीचे काम सहसा हाती घेत नाही.

या काळात बॉस्टन, शिकागो, सिनसिनाटी आणि न्यूयॉर्क येथे त्यांच्या कामाची प्रदर्शने झाली. मार्क रॉथको, रॉबर्ट मदरवेल अशा चित्रकारांच्या वर्तुळात त्यांची ऊठबस झाली, त्यांच्या स्टुडिओत जाऊन कामावर बोलणे झाले. ही मंडळी मनाने उदार होती, असे त्यांनी पुढे अनेक वर्षांनी सांगितले. व्यावसायिक बाजूने पाहिले तर सुरुवात चांगली होती आणि तिथेच राहावे असे वाटायला कारणे होती.

अडचण शाईची झाली. ही शाई म्हणजे काजळी आणि प्राणिज सरस यांची वाळवलेली कांडी. ती दगडी शिळेवर थोड्या पाण्यात सावकाश उगाळायची. उगाळण्याच्या वेळावर आणि पाण्याच्या प्रमाणावर काळ्याच्या छटा ठरतात. जपानी कागद तुतीवर्गीय झाडाच्या लांब तंतूंचा, पाणी पिणारा. रेघ ओढली की पाणी तंतूंतून बाजूला सरकते आणि काजळीचे बारीक कण आपल्याबरोबर नेते. रेघेची कड त्यामुळे फिकट होत जाते, एका रेघेतच गडद गाभा आणि धुरकट किनार अशा दोन गोष्टी उमटतात. या पसरण्याला वेळ लागतो, आणि तो वेळ हवेतल्या ओलाव्यावर अवलंबून असतो. न्यूयॉर्कमध्ये, विशेषतः हिवाळ्यात घरे तापवलेली असताना, हवा इतकी कोरडी होते की पाणी सरकायच्या आत उडून जाते. रेघ जिथे पडली तिथेच थिजते. कुंचलाही रेघ संपण्याआधी सुकू लागतो. सरस असल्यामुळे कोरड्या हवेत शाईच्या कांड्यांना तडे जातात, ही त्यात आणखी भर.

तेलरंगात किंवा त्या काळच्या अमेरिकी चित्रकारांनी वापरलेल्या घरगुती रंगात काम करणाऱ्याला ही अडचण येत नाही. शिनोदा यांच्यापुढे खरे तर दोन वाटा होत्या: साधन बदलायचे, किंवा गाव बदलायचे. परदेशात स्थायिक झालेल्या अनेक कलावंतांनी पहिली वाट धरली आणि त्यांच्या कलेचे त्यामुळे वाईट झाले असेही म्हणता येत नाही. शिनोदा यांनी दुसरी धरली. १९५८ मध्ये त्या परतल्या, आणि परतण्याचे कारण विचारले असता शाईला दमट हवा लागते हेच सांगत राहिल्या. इतके रोखठोक कारण ऐकून काही लेखकांना ते अपुरे वाटते आणि ते त्यात परंपरेची हाक वगैरे शोधू लागतात. मला त्याची गरज वाटत नाही. ज्या व्यक्तीचे सगळे म्हणणे रेघेच्या कडेत आहे, तिला कड उमटत नसेल तर बाकी सगळ्या सोयी दुय्यम ठरतात.

परतल्यानंतरची घडी

परतल्याने परदेशातील कारकीर्द संपली असती, तर हे प्रकरण अभ्यासण्यासारखे राहिले नसते. ती संपली नाही याला तीन आधार होते, आणि त्यांतला पहिला बहुतेकांच्या लक्षात येत नाही: शिळामुद्रण (लिथोग्राफी).

१९६० मध्ये आर्थर फ्लोरी हे अमेरिकी कलाशिक्षक शिळामुद्रण शिकवण्यासाठी टोकियोत आले होते. त्यांच्या सांगण्यावरून शिनोदा यांनी या तंत्राला हात घातला. तेलकट पदार्थाने दगडावर किंवा पत्र्यावर चित्र काढायचे, मग पाणी आणि छपाईची शाई यांच्या परस्परविरोधातून ते कागदावर उतरवायचे, अशी ही पद्धत. लाकूड कोरून केलेल्या छपाईत कुंचल्याची रेघ कारागिराच्या छिन्नीतून जाते; इथे हाताने काढलेली रेघ जवळजवळ तशीच उतरते. कुंचल्यावर जगणाऱ्या व्यक्तीला छपाईचा हा एकच प्रकार मानवण्यासारखा होता. किहाची किमुरा या निष्णात मुद्रकाबरोबर त्यांनी कित्येक दशके काम केले. पुष्कळदा छापून झालेल्या प्रत्येक प्रतीवर त्या स्वतः कुंचल्याने एखादी रेघ ओढत, काळ्या शाईत किंवा शेंदरी हिंगुळात. त्यामुळे एकाच आवृत्तीतली प्रत्येक प्रत थोडी वेगळी होई आणि आवृत्त्याही त्यांनी लहानच ठेवल्या.

व्यवसायाच्या दृष्टीने या एका गोष्टीने बरेच प्रश्न सुटले. मूळ शाईचे काम एकच असते; ते एका भिंतीवर गेले की संपले, आणि समुद्रापार पाठवताना जोखीम वेगळी. छापील प्रती एकाच वेळी अनेक शहरांत जाऊ शकतात, त्यांची किंमत मध्यम संग्राहकाला परवडते, आणि संग्रहालयांच्या मुद्राचित्र विभागांना नव्या कलावंताची सुरुवात अशा प्रतींपासून करणे सोपे जाते. जिथे कलावंताला राहता येत नव्हते तिथे त्या प्रती राहिल्या.

दुसरा आधार बेटी पार्सन्स यांच्या न्यूयॉर्कमधील गॅलरीचा. जॅक्सन पोलॉक, मार्क रॉथको, बार्नेट न्यूमन यांचे काम १९४० च्या दशकात दाखवणाऱ्या याच बाई. त्यांच्याकडे शिनोदा यांची चार प्रदर्शने झाली: १९६५, १९६८, १९७१ आणि १९७७ मध्ये. दर तीन, कधी सहा वर्षांनी एक प्रदर्शन ही चाल टोकियोत बसून काम करणाऱ्याला झेपण्यासारखी होती, आणि ग्राहकाला विसर पडू नये इतकी ती जवळही होती. याशिवाय नॉर्मन टोलमन हे अमेरिकी गृहस्थ टोकियोतच गॅलरी चालवत. त्यांनी पुढे दीर्घकाळ शिनोदा यांच्या कामाचे, विशेषतः मुद्राचित्रांचे, व्यवहार सांभाळले. म्हणजे परदेशी ग्राहक टोकियोला येऊनही काम घेऊ लागला.

तिसरा आधार जपानमधलाच होता: वास्तू. वास्तुविशारद केन्झो तांगे यांनी १९६४ च्या ऑलिंपिकसाठी उभारलेल्या योयोगी क्रीडागारासाठी शिनोदा यांनी काम केले, आणि १९७४ मध्ये टोकियोच्या झोजोजी मंदिरासाठी सुमारे २९ मीटर लांबीचे भित्तिचित्र केले. एवढ्या मोठ्या पृष्ठभागावर कुंचला चालवायचा तर अंगाची सगळी हालचाल आधी ठरवावी लागते, कारण मध्येच थांबले की थांबल्याची खूण राहते. वास्तूच्या कामांनी त्यांना मायदेशी उत्पन्न आणि मान दोन्ही दिले, आणि तेही सुलेखन संस्थांकडे न जाता. परदेशी नावाशिवाय ही कामे त्यांना मिळाली असती का, हा प्रश्न रास्त आहे. माझे मत असे की तांगे यांच्यासारख्या वास्तुविशारदांना त्यांचे काम स्वतंत्रपणे दिसले असते. पण सरकारी आणि धार्मिक संस्थांच्या मंजुरीला न्यूयॉर्कचा शिक्का उपयोगी पडलाच असणार.

श्रेयाचा हिशेब

शिनोदा यांच्याविषयी इंग्रजीत लिहिताना सुलेखन आणि अमेरिकी अमूर्त अभिव्यक्तिवाद (पोलॉक, रॉथको, क्लाइन यांची अमूर्त चित्रशैली) यांचा मिलाफ असे एक ठरीव वाक्य येते. ते चूक नाही, पण त्यातून असे सुचवले जाते की न्यूयॉर्कला जाऊन त्या अमूर्त झाल्या. तारखा याला साथ देत नाहीत. त्यांचे अमूर्त प्रयोग १९४० च्या दशकात, युद्धाच्या आसपास, सुरू झाले होते. १९५६ मध्ये त्या गेल्या त्या तयार हाताने. जपानी बाजूने केला जाणारा उलटा दावा, की अमेरिकी चित्रकारांनी हे सगळे सुलेखनावरूनच घेतले, तोही तितकाच सैल आहे. क्लाइन यांनी तर आपल्या चित्रांचा सुलेखनाशी संबंध नाकारला होता आणि काळ्याइतकाच पांढरा रंगही आपण रंगवतो, असे ते सांगत.

न्यूयॉर्कने त्यांना जे दिले ते माझ्या मते वेगळेच आहे: ज्याला वाचता येत नाही असा प्रेक्षक. जपानी प्रेक्षक रेघांचा समूह पाहिला की आधी अक्षर शोधतो, आणि ते सापडले नाही तर काहीतरी चुकले असे मानतो. अमेरिकी प्रेक्षक थेट रेघ पाहतो. १९४० मध्ये जो आक्षेप मूळ नसल्याचा होता, तो या प्रेक्षकापुढे उभाच राहत नाही. याची किंमतही आहे. शिनोदा यांच्या कामात जुन्या जपानी काव्याच्या ओळी, काना या जपानी उच्चारलिपीतील बारीक वेलांटीदार लेखन पुष्कळदा येते, कधी रुपेरी वर्खावर, कधी मोठ्या काळ्या पट्ट्याच्या बाजूला. परदेशातल्या दालनात ही ओळ केवळ एक नाजूक पोत म्हणून पाहिली जाते. त्या स्वतः कविता करत आणि उत्तम गद्य लिहीत. १९७९ मध्ये निबंधलेखनासाठी त्यांना जपान एसेइस्ट्स क्लबचा पुरस्कार मिळाला. हा भाग परदेशातल्या कीर्तीत जवळजवळ शिरलाच नाही. १९८३ मध्ये ‘टाइम’ साप्ताहिकाने त्यांच्या नव्या वाटा पाडण्याची तुलना पिकासोशी केली, तेव्हा त्या सत्तरीच्या होत्या. ती तुलना बाजाराला उपयोगी पडली, कामाच्या समजेला फारशी नाही.

मायदेशातली स्थितीही सरळ नव्हती. सुलेखन संस्थांच्या लेखी त्या सुलेखनकार नव्हत्या आणि चित्रकारांच्या लेखी चित्रकार नव्हत्या. व्यापक जपानी वाचकवर्गात त्यांचे नाव घरोघरी झाले ते शंभरी ओलांडल्यावर, वार्धक्यावरच्या छोट्या गद्य पुस्तकांमुळे. २०१६ मध्ये जपानच्या टपाल खात्याने त्यांच्या कामावर तिकिटे काढली, आणि हयात कलावंताला हा मान क्वचितच मिळतो. टोकियो ऑपेरा सिटीच्या कलादालनातील सर्वंकष प्रदर्शन २०२२ मध्ये, म्हणजे निधनानंतर वर्षभराने, झाले.

वर्गवारीचा प्रश्न तेव्हाही सुटला नाही आणि आजही सुटलेला नाही. ब्रिटिश म्युझियममध्ये त्यांचे काम जपानी संग्रहात आहे, म्हणजे ते उकियो-ए, अर्थात जुन्या जपानी लाकडी ठशांच्या छापांच्या, शेजारी येते. म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये रेखाटने आणि मुद्राचित्रे हा विभाग, म्हणजे शेजारी मदरवेल. एकाच हाताची एकाच दशकातली दोन कामे अशी दोन निरनिराळ्या इतिहासांत ठेवली जातात, आणि कोणत्या शहरात ती पाहिली यावर शिनोदा सुलेखनकार की चित्रकार हे ठरते.